मांडवीचे जुळे पूल : एक पडलेला सेतू आणि त्याने दिलेला धडा

पणजीहून म्हापशाकडे जाणारी बसगाडी मांडवी नदी ओलांडते तेव्हा आतील प्रवाशांपैकी क्वचितच कोणी खिडकीबाहेर मान वळवून पुलाकडे पाहतो. जो पाहतो त्याची दृष्टी बहुधा नदीवर, तीरावरच्या शहरावर किंवा पश्चिमेला दिसणाऱ्या समुद्राच्या दिशेवर खिळते. पूल हा पाहण्याचा विषय नव्हे, तो ओलांडण्याचा विषय आहे, अशी आपणां सर्वांची समजूत असते. तथापि मांडवीवरचे हे पूल एकाशेजारी एक असे दोन का आहेत आणि त्या दोघांच्या मधून त्यांच्याही वर तिसरा पूल का उभारावा लागला, हा प्रश्न विचारला की एका मोठ्या कहाणीचे दार उघडते. ती कहाणी जितकी स्थापत्यशास्त्राची आहे तितकीच ती समाजाच्या सवयींची आहे. प्रस्तुत लेखात तिचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम नदीविषयी. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या भीमगड परिसरात उगम पावणारी म्हादई सह्याद्री उतरून सत्तरी तालुक्यात येते आणि पुढे मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. मुखाजवळ ही नदी खऱ्या अर्थाने नदी राहत नाही, ती खाडी होते. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी आत शिरते आणि ओहोटीबरोबर परत फिरते. दक्षिण तीरावर तिसवाडी आणि त्यातील पणजी शहर, तर उत्तर तीरावर बार्देश आणि त्यातील बेती व पर्वरी. या दोन तीरांमधील अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. हाक मारली तर ऐकू येणार नाही, पण दिवा लावला तर दिसेल, इतके हे अंतर आहे.

पोर्तुगीज राजवटीने या परिसरात बांधकामे पुष्कळ केली. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत १६३३-३४ मध्ये पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध-पूल दलदलीतून उभारला गेला. तो आजही वाहतूक वाहतो. पण हा पूल नदीच्या काठाने जातो, नदी ओलांडत नाही. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, तरी मांडवीचे मुख्य पात्र होड्यांच्याच स्वाधीन राहिले. उत्तरेकडील माणसाला कचेरीत, न्यायालयात, दवाखान्यात किंवा बाजारात जायचे तर बेतीच्या धक्क्यावर येऊन होडीची वाट पाहावी लागे. पावसाळ्यात नदी फुगली आणि वारा सुटला की ती वाट लांबत असे.

या अर्ध्या किलोमीटर पाण्याचे सामर्थ्य किती होते याची साक्ष गोवामुक्तीच्या इतिहासातही मिळते. १८ डिसेंबर १९६१ रोजी उत्तरेकडून मुसंडी मारत आलेली भारतीय लष्कराची शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी सायंकाळी बेतीला पोहोचली. समोर पणजी दिसत होती. पण नदी ओलांडण्याचा हुकूम येईपर्यंत रात्र त्या तीरावरच काढावी लागली आणि १९ डिसेंबरच्या सकाळी नदी पार करून सैनिक शहरात शिरले. शतकानुशतके सामान्य प्रवासी जिथे थबकत असे, तिथेच हे सैन्यही थांबले होते.

मुक्तीनंतर दोन्ही तीरांना पुलाने जोडणे हे नव्या शासनाचे ओघानेच आलेले कर्तव्य होते. मुंबईकडून कोकणमार्गे दक्षिणेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, ज्याला आता क्रमांक ६६ म्हणतात, त्याला मांडवी आणि जुवारी या दोन रुंद खाड्या आडव्या येत होत्या. त्यांपैकी मांडवीवरचा पूल आधी झाला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असण्याच्या काळात, १९७० च्या सुमारास तो वाहतुकीस खुला झाला आणि पंडित नेहरूंच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पूल झाला आणि पर्वरीचे पठार पणजीच्या अंगणात आले. पेडणे, म्हापसा, डिचोली येथील विद्यार्थी, नोकरदार, रुग्ण आणि व्यापारी यांच्या दिनक्रमातून नदी जणू नाहीशी झाली.

हा पूल कसा उभा होता हे समजून घेतल्याखेरीज तो का पडला हे समजणार नाही. त्यासाठी आपल्या ओळखीच्या दोन वस्तूंची मदत घेऊ.

पहिली वस्तू म्हणजे बैलगाडीचे चाक. लाकडी चाक तयार झाले की लोहार लोखंडी धाव तापवून त्यावर चढवतो आणि पाणी ओततो. निवताना धाव आकसते आणि चाकाचे सगळे तुकडे एकमेकांवर घट्ट आवळले जातात. पुढे चाकावर कितीही धक्के बसले तरी ते उकलत नाही, कारण भार येण्यापूर्वीच त्याला आवळून ठेवलेले असते. अभियंते ज्याला प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतात त्याचे तत्त्व हेच. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण आला की तडकते. म्हणून काँक्रीटमध्ये नळ्या ठेवून त्यांतून उच्च ताकदीच्या पोलादी तारांचे जुडगे, म्हणजे केबली, ओवतात, यंत्राने त्या ताणतात आणि दोन्ही टोकांना पक्क्या करतात. ताणलेली केबल काँक्रीटला सदैव दाबात ठेवते. नळीतील मोकळी जागा सिमेंटच्या पातळ लगद्याने भरून काढतात. त्यामुळे केबल जागच्या जागी बसते आणि पाणी व हवा यांपासून तिचे रक्षण होते.

दुसरी वस्तू म्हणजे कावड. खांद्यावर मध्यभागी दांडी आणि दोन्ही टोकांना सारखा भार. एका बाजूला घागर चढवली की दुसऱ्या बाजूलाही चढवावी लागते. खोल पाण्यात, जिथे खालून आधाराचे पहाड बांधणे कठीण, तिथे पूल याच रीतीने बांधता येतो. आधी पात्रात खांब उभारतात. मग खांबाच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना सारखेच तुकडे जोडत जातात. दोन शेजारच्या खांबांवरून निघालेले हात गाळ्याच्या मध्यावर येऊन भेटतात. त्या काळी आपल्या देशात रूढ असलेल्या रचनेत या भेटीच्या जागी एक सांधा ठेवलेला असे. उष्णतेने होणारे प्रसरण सामावून घेण्यासाठी तो सोयीचा होता. पहिला मांडवी पूल याच जातीचा होता.

या रचनेत एक मर्म दडलेले आहे. हाताची पसरलेली दांडी टोकाला भार आला की वरच्या अंगाला ताणली जाते. म्हणून अशा पुलात मुख्य केबली वरच्या बाजूला, रस्त्याच्या पृष्ठभागाच्या लगत खाली असतात. आणि पाऊस पडतो तोही त्याच पृष्ठभागावर. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. खालून खाऱ्या खाडीची वाफ, बाजूने समुद्राचे मिठाळ वारे, वरून पावसाचे पाणी, आणि या सर्वांच्या सर्वांत जवळ ज्या पोलादावर पुलाचे प्राण अवलंबून आहेत ते पोलाद, अशी ही मांडणी होती.

५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, हा पूल कोसळला. प्राणहानी झाली. ज्या पुलाकडून किमान दोन-तीन पिढ्यांच्या सेवेची अपेक्षा करावी, तो जेमतेम दीड दशक उभा राहिला. केबलींना लागलेला गंज हे या दुर्घटनेमागचे कारण होय.

गंज हा शब्द आपल्याला इतका परिचित आहे की त्याचे गांभीर्य ध्यानी येत नाही. दारावरची जुनी कडी गंजते, पण वर्षानुवर्षे टिकते. मग पुलालाच गंजाने एवढे धास्तावण्याचे कारण काय? याचे उत्तर साध्या गणितात आहे. २० मिलिमीटर व्यासाची सळई घ्या आणि ती सर्व बाजूंनी एक-एक मिलिमीटर गंजली असे समजा. व्यास १८ मिलिमीटर उरला, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्के घटले. आता ७ मिलिमीटर व्यासाची तार घ्या. तीही तितकीच गंजली तर व्यास ५ मिलिमीटर उरतो आणि क्षेत्रफळ सुमारे ४९ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे, नाहीसे होते. शिवाय साध्या सळईवर फारसा ताण नसतो, तर केबलीतील तार जन्मापासून कमाल ताणाच्या जवळपास ताणलेली असते. तिच्या अंगी सोसण्यासाठी फारसे काही उरलेले नसते.

दुसरे असे की ताज्या, निरोगी काँक्रीटमध्ये पोलाद सहसा गंजत नाही. सिमेंट अल्कधर्मी असते आणि त्या वातावरणात पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. पण मिठातील क्लोराइड तिथवर पोहोचले की हा थर ठिकठिकाणी फुटतो आणि गंज तेवढ्याच जागी खोल खोल खात जातो. नळीतील लगदा नीट भरला गेला नसेल, त्यात पोकळी राहिली असेल, तर त्या पोकळीत पाणी आणि क्षार यांना बसायला आयती जागा मिळते. आणि हे सगळे घडते ते नळीच्या आत, काँक्रीटच्या आत, डोळ्यांआड. साधे बांधकाम कमकुवत होऊ लागले की त्याला भेगा पडतात, ते वाकते, पूर्वसूचना देते. ताणलेली तार तसे करीत नाही. ती तुटते, आणि तिचा भार शेजारच्या तारेवर जातो. मध्ये सांधा असलेल्या पुलात तर एका हाताने दगा दिल्यास भार वाहून नेणारी दुसरी वाटच नसते.

ही आपत्ती केवळ गोव्याची नव्हती. वेल्समधील इनिस-ई-ग्वास हा छोटा पूल याच कारणाने ४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे मांडवी पुलाच्या सात महिने आधी, कोणतीही सूचना न देता कोसळला होता. पुढे १९९२ मध्ये ब्रिटनने लगदा भरलेल्या केबलींचे नवे पूल बांधणे काही वर्षे थांबवले आणि कार्यपद्धती सुधारल्यानंतरच ते पुन्हा सुरू केले. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणारा ठाण्याच्या खाडीवरील १९७३ चा पूलही केबलींच्या गंजाने लवकरच आजारी पडला. त्याला बाहेरून नव्या केबलींचा आधार द्यावा लागला आणि त्याच्या शेजारी १९९७ मध्ये दुसरा पूल उघडावा लागला. पूर्वताणित काँक्रीट हे वाईट नव्हे. जगातील असंख्य उत्तम पूल त्याचेच आहेत. पण खाऱ्या हवेत त्याची काळजी किती सूक्ष्मपणे घ्यावी लागते, हे ज्ञान बांधणीच्या ज्ञानापेक्षा उशिरा आले.

पूल पडला त्या दिवशी उत्तर गोव्याच्या दृष्टीने काळ मागे फिरला. नदी पुन्हा नदी झाली. बेतीच्या धक्क्यावर पुन्हा रांगा लागल्या. फेरीबोटींवर माणसे, दुचाक्या, भाजीच्या पाट्या आणि शाळेची दप्तरे यांची दाटी झाली. अवजड वाहनांना डिचोली-साखळीकडून फोंड्याला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुलापूर्वीच्या पिढीला होडीची सवय होती. तिचे कामाचे वेळापत्रकच मुळी नदीला धरून आखलेले असे. पण १९८६ पर्यंत एक अख्खी पिढी पुलाच्या भरवशावर वाढली होती. लोकांनी घरे एका तीरावर आणि नोकऱ्या दुसऱ्या तीरावर धरल्या होत्या. पूल नव्हता तेव्हा जे नुसते गैरसोयीचे होते, ते पूल पडल्यानंतर आपत्तीचे झाले. यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आतच, ३० मे १९८७ रोजी, गोवा हे भारताचे पंचविसावे राज्य झाले. या नव्या राज्याच्या राजधानीसमोरचा सर्वांत तातडीचा प्रश्न समोरच्या तीरावर पोहोचण्याचा होता.

नव्याने बांधताना एकाऐवजी दोन पूल उभे राहिले. १९९० चे दशक सरेपर्यंत मांडवीवर शेजारी शेजारी दोन पूल वाहतूक वाहू लागले. जाणाऱ्यांसाठी एक, येणाऱ्यांसाठी एक. वाढत्या वाहतुकीला दुहेरी मार्ग मिळाला, हा त्याचा उघड लाभ. पण त्याहून मोठा लाभ निराळा आहे. दोन पूल असतील तर एक बंद ठेवून त्याची तपासणी करता येते, सांधे बदलता येतात, खांबांवरच्या बेअरिंगा बदलता येतात, आणि तरीही शहर चालू राहते. एकुलत्या एका पुलाच्या बाबतीत प्रत्येक दुरुस्ती म्हणजे वाहतुकीची कोंडी, म्हणून ती पुढे ढकलण्याचा मोह प्रत्येक अधिकाऱ्याला होतो. हा मोह दुष्टपणाचा नसतो. लोकांची गैरसोय होऊ नये या सद्भावनेतूनच तो जन्मतो. दुसरा पूल हा मोह टाळण्याचे साधन आहे.

मात्र जुळ्या पुलांविषयी एक भाबडी समजूतही टाळली पाहिजे. दोन आहेत, तेव्हा एकाची चिंता नको, ही ती समजूत. याच महामार्गावर, महाडजवळ सावित्री नदीवर, जुना ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल आणि त्याच्या शेजारी नवा पूल अशी जोडी होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या लोंढ्यात जुना पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन बसगाड्या व काही खासगी वाहने नदीत गेली. शेजारचा नवा पूल उभा होता. पण जुन्या पुलावरून त्या रात्री जे जात होते त्यांना त्याचा काय उपयोग? शेजाऱ्याच्या बळावर कोणताही पूल सुरक्षित होत नाही. प्रत्येकाची नाडी वेगळी पाहावी लागते. सावित्रीवर नवा पूल २०१७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तयार झाला. बांधण्याचे काम आपण असे वेगाने करू शकतो. तपासणीच्या कामाला मात्र ना उद्घाटन असते ना कोनशिला, आणि तेच मागे पडते.

मांडवीच्या भगिनी नदीचे, जुवारीचे उदाहरणही येथे देणे अगत्याचे आहे. १९८३ मध्ये खुला झालेला जुवारी पूल पहिल्या मांडवी पुलाच्याच जातीचा होता. परंतु मांडवीच्या अनुभवाने सर्वांचे डोळे उघडले होते. त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले गेले, जादा केबलींनी त्याला बळकटी दिली गेली आणि अवजड वाहनांवर निर्बंध घातले गेले. ही बंधने वाहनचालकांना त्रासदायक वाटत. पण याच सावधपणामुळे तो पूल नवा जुळा केबलस्टेड पूल शेजारी उभा राहीपर्यंत टिकून राहिला. त्या नव्या पुलाची पहिली बाजू २९ डिसेंबर २०२२ रोजी आणि दुसरी त्यानंतरच्या डिसेंबरात खुली झाली. एकाच घराण्यातील दोन पूल होते. एक पडला आणि दुसऱ्याला त्याच्या मरणाने आयुष्य दिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मांडवीवर पुढे वाहतूक इतकी वाढली की दोन पूलही अपुरे पडू लागले. तेव्हा त्या दोहोंच्या मधून, त्यांच्याही वरून जाणारा तिसरा, केबलस्टेड पूल बांधण्यात आला. जोडरस्त्यांसह सुमारे ५.१ किलोमीटर लांबीच्या या पुलास अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देऊन २७ जानेवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आजारी अवस्थेतील मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर त्या समारंभास आवर्जून उपस्थित होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांचे निधन झाले. या पुलाच्या केबली काँक्रीटच्या पोटात दडलेल्या नाहीत. त्या उघड्यावर, सर्वांच्या नजरेसमोर, स्तंभांपासून पुलापर्यंत पसरलेल्या आहेत. गंजाचे भय त्यांनाही आहेच, पण त्यांच्यापर्यंत माणसाचा हात आणि डोळा पोहोचू शकतो. केबलस्टेड पुलाची कल्पना करतानाच एखादी केबल काढून तिच्या जागी दुसरी घालता यावी, असा विचार केलेला असतो. जी वस्तू झिजणार हे ठाऊक आहे, ती बदलता येईल अशीच घडवावी, हे शहाणपण स्थापत्यशास्त्राला अशा अनेक आघातांनंतर लाभले आहे.

आपल्याकडे पुलाला सेतू म्हणतात आणि सेतू म्हटले की आपल्याला तो बांधणारे आठवतात. सेतू राखणाऱ्यांची कथा कोणी सांगत नाही. पुलावरील पन्हाळीत अडकलेला पालापाचोळा काढणारा कामगार, सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्याची नोंद करणारा कनिष्ठ अभियंता, हातोडीने काँक्रीट वाजवून पोकळ आवाज ऐकणारा तपासनीस, यांची नावे कोणत्याही फलकावर नसतात. परंतु १९८६ च्या जुलै महिन्याने दाखवून दिले आहे की पुलाचे आयुष्य शेवटी याच माणसांच्या हाती असते. पन्हाळ तुंबली की पाणी साचते, पाणी साचले की झिरपते आणि झिरपले की केबलीपर्यंत जाते. एवढी ही साखळी साधी आहे आणि तिची पहिली कडी तोडायला झाडूही पुरतो.

शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत हा विषय का, असे कोणी विचारील. ज्यांच्या स्मरणार्थ अशा व्याख्यानमाला चालतात त्या शिक्षकांचे काम बहुतांशी राखण्याचेच असते. मागच्या पिढीने उभारलेले झिजू न देता पुढच्या पिढीच्या हवाली करायचे, हे ते काम. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही जण अधिकारी होतील, आणि बाकीचे सर्व जण नागरिक म्हणून पुलांवरून जातील. अभियंत्याने नवा पूल बांधण्याची हौस जरूर धरावी, पण जुन्याची तपासणी कमीपणाची मानू नये. अधिकाऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या दुरुस्तीसाठीही पैसा राखून ठेवावा. आणि नागरिकाने, तपासणीसाठी मांडवीवरचा एक पूल काही दिवस बंद राहिला आणि फेरीबोटीच्या रांगेत अर्धा तास उभे राहावे लागले, तर त्या अर्ध्या तासाची तक्रार करण्यापूर्वी ५ जुलै १९८६ या तारखेचे स्मरण करावे.